रात्रीतून दहा वेळा उठवेल का? वयस्क माणसांची कोलोनोस्कोपीची तयारी

प्रश्न: माझी आई 79 वर्षांची आहे. हिमोग्लोबिन 7.8 निघालं म्हणून डॉक्टरांनी वरून पोटाची आणि खालून मोठ्या आतड्याची, अशी दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी सांगितली. दोन महिन्यांपूर्वी तयारी केली. पोट साफ करायचं औषध तिने निम्मंच घेतलं. रात्री दोनच्या सुमारास बाथरूमच्या दारात पाय घसरून पडली, नशिबाने हाड वाचलं. सकाळी कोलोनोस्कोपी सुरू केली, पण आतडं साफ नाही म्हणून मध्येच थांबवली. आता पुन्हा करायला सांगतात. आईचे गुडघे गेलेत, वॉकरने चालते, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. ती म्हणते, काहीही झालं तरी ते औषध पुन्हा पिणार नाही. आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, आधी एक सांगते. तुमच्या आईने औषध निम्मं का सोडलं, हे तिला शांतपणे एकटीला विचारा. मी 22 वर्षं एंडोस्कोपी विभागात सिस्टर म्हणून काम करते आहे. आदल्या संध्याकाळी पेशंटच्या घरी फोन करून औषध कुठवर आलं हे विचारणं माझ्याकडे असतं. घरचे सांगतात, "चव आवडत नाही, म्हणून पीत नाही." मी म्हणते, फोन आजींना द्या. मग आजी हळू आवाजात सांगतात, "पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि मला पोचवत नाही गं बाई." पहिल्या दोन पेल्यांनंतर एकदा कपडे खराब झालेले असतात, सुनेने ते धुतलेले असतात. आता पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्या पिणंच थांबवतात. चवीचं कारण पुढे करणं सोपं जातं. पाय साथ देत नाहीत हे तोंडातून काढणं जड जातं.

म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत मी औषधाच्या आधी उठण्या-बसण्याचा विचार करेन. ही तयारी हे शरीराचं कष्टाचं काम आहे. दोन लिटर औषध पिणं, वर लिटरभर पाणी, आणि आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळासुद्धा, घाईने उठून संडासात जाणं, कपडे सोडणं, बसणं, धुणं, परत येणं. पस्तिशीच्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. ज्या बाईला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात आणि जिचं रक्त 7.8 वर आलंय, तिच्यासाठी ती रात्रभराची मजुरी असते. कागदावर आम्ही वय लिहितो, पण वयावरून फारसं कळत नाही. 84 वर्षांचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते, त्यांनी प्रत्येक पेल्याची वेळ वहीत लिहून आणली होती आणि आतडं आरशासारखं स्वच्छ होतं. त्याच आठवड्यात 66 वर्षांच्या, अर्धांगातून उठलेल्या एका बाईंची तपासणी पुढे ढकलावी लागली.

तर आज संध्याकाळीच एक गोष्ट करून बघा. आईला पलंगावर आडवं होऊ द्या, मोबाइलवर वेळ लावा, आणि म्हणा, "आई, संडासला जाऊन बस." पलंगावरून उठण्यापासून कमोडवर टेकेपर्यंत, कपडे सोडण्यासकट, किती वेळ लागतो ते पाहा. मिनिटाच्या आत होत असेल तर घरी तयारी जमू शकते. दोन मिनिटांच्या वर जात असेल, किंवा वाटेत भिंतीचा आधार घ्यावा लागत असेल, तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवल्याशिवाय औषध सुरूच करू नका. हे मिनिटांचे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, पुस्तकातले नाहीत. पुस्तकात याच्या जवळची एक चाचणी आहे: खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. तुमचे फिजिओथेरपिस्ट ती पाच मिनिटांत करून देतील. पण त्या चाचणीत साडीची गाठ सोडावी लागत नाही, म्हणून मी संडासाचा फेरा मोजायला सांगते.

साडीचं बोलले ते मुद्दाम. नऊवारी, घट्ट नाडीचा परकर, सलवारीची गाठ, आजोबांच्या पायजम्याची नाडी, या गोष्टींनी जितक्या तयाऱ्या बिघडवल्यात तितक्या औषधाच्या चवीने नसतील. त्या दिवशी सैल गाऊन घालायचा, आत काही नाही, किंवा ओढून घालायचं डायपर. डायपरला आई नको म्हणेल. तिला सांगा, हे म्हातारपणाचं डायपर नाही, एका रात्रीचं आहे, पडून मांडीचं हाड मोडण्यापेक्षा कितीतरी बरं. आमच्या विभागात साठीचे धडधाकट लोकही प्रवासात ते घालून येतात.

आता मागच्या वेळी आतडं साफ का झालं नाही ते बघू. औषध निम्मं राहिलं हे एक कारण झालंच, पण मला अजून दोन-तीन शंका आहेत. हिमोग्लोबिन कमी आहे म्हटल्यावर आईला लोहाच्या गोळ्या चालू असणार. त्या बंद केल्या होत्या का? लोहाने शौचाला काळी आणि चिकट होते, आतड्याच्या भिंतीला डांबरासारखी बसते आणि धुवूनही निघत नाही. तपासणीच्या आधी पाच ते सात दिवस ती गोळी थांबवावी लागते. इतक्या कमी हिमोग्लोबिनला डॉक्टर शिरेतून लोह किंवा रक्तही देऊ शकतात. शिरेतून दिलेलं लोह शौचात उतरत नाही, तपासणीला अडथळा करत नाही, आणि चक्करही कमी होते. तयारीच्या आधी रक्त थोडं वर आणता येईल का, हे त्यांना आवर्जून विचारा. मागची पडझड निव्वळ ओल्या फरशीमुळे झाली की चक्कर आली होती, हेही आईला विचारा, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

दुसरी शंका गुडघ्याच्या गोळ्यांची. ट्रॅमाडॉलसारखी वेदनेची गोळी असेल तर आतडं संथ होतं, बद्धकोष्ठ होतं. डायक्लोफेनॅकसारखी असेल तर मुद्दा आणखी मोठा आहे. तिने जठरात जखम होऊन हळूहळू रक्त जाऊ शकतं, म्हणजे रक्त कमी होण्याचं कारणच कदाचित ती असेल. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तीच गोळी मूत्रपिंडावर ताण आणते. गोळ्यांची यादी करताना मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं लिहा. बायका "गुडघ्याची गोळी" ही गोळीत धरतच नाहीत.

तिसरी गोष्ट, माणूस चालेनासा झाला की आतडंही चालेनासं होतं. वॉकरवरचं माणूस, मधुमेह, अर्धांग, कंपवात, स्मृतिभ्रंश, जुनं बद्धकोष्ठ, यांतलं काहीही असेल तर नेहमीची एका दिवसाची तयारी पुरत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. तरी छापील कागद मात्र सगळ्यांना एकच दिला जातो, याचं मला वाईट वाटतं. अशा पेशंटला आम्ही आठवडाभर आधीपासून रोज रात्री हलकं जुलाबाचं औषध डॉक्टरांना विचारून सुरू करतो, म्हणजे शेवटच्या दिवशी आतड्यात साठलेलं घट्ट काही उरत नाही. इसबगोल घेत असतील तर ते मात्र या आठवड्यात बंद. तो चोथा आहे, आणि चोथाच आपल्याला नको आहे.

साफ म्हणजे किती साफ, तेही सांगते. मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरून डॉक्टर प्रत्येकाला 0 ते 3 गुण देतात. प्रत्येक भागाला निदान 2 हवेत. उजव्या भागाला 1 मिळाला तर बाकी कितीही चांगलं असलं तरी तपासणी पुरी झाली असं म्हणता येत नाही. रक्त कमी होण्याची कारणं अनेकदा याच उजव्या बाजूला लपलेली असतात. सकाळचा दुसरा हप्ता राहिला की हीच बाजू आधी बिघडते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव तिथे येऊन बसतो. म्हणून औषध दोन हप्त्यांत घ्यायचं: निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या दिवशी, चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं.

पण तुमच्या आईसाठी मी वेगळी मांडणी सुचवेन. दुपारची वेळ मागा. दुपारी दोन-तीनची तपासणी असेल तर पूर्ण औषध त्याच दिवशी सकाळी घेता येतं, आणि ही पद्धत वैद्यकीय मार्गदर्शनातही मान्य आहे. याचा अर्थ सगळे फेरे उजेडात होतात, घरची माणसं जागी असतात, आईची झोप झालेली असते. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत, चष्मा न लावता, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असताना बाथरूमकडे धावणं यातून सुटतं. एकाच सकाळी दोन लिटर जड वाटत असेल तर पहिला लिटर आदल्या दिवशी दुपारी तीनला सुरू करा, संध्याकाळच्या सातला नको. रात्री दहापर्यंत बहुतेक फेरे होऊन जातात. अडचण एकच आहे. मधुमेहाच्या पेशंटला उपाशी राहावं लागू नये म्हणून सहसा सकाळची पहिली वेळ देतात. तुमच्या डॉक्टरांसमोर दोन्ही गोष्टी ठेवा, शुगरही आणि रात्रीचं पडणंही. शुगर घरी बोटातून तपासता येत असेल आणि साखरेचं पाणी देता येत असेल तर दुपारची वेळ जमवता येते.

औषध कोणतं, हे नक्की विचारा. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. एक पावडरचं मोठं पाकीट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आम्ही पेग म्हणतो. ते साधारण दोन लिटर पाण्यात विरघळवायचं. ते आतड्यातूनच निघून जातं, शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे ओढून नेत नाही, म्हणून वयस्कांना हेच. दुसरं सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली. प्यायला थोडंसंच असल्यामुळे घरच्यांना ते सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. त्याने मूत्रपिंडात फॉस्फेटचे कण साचून कायमचं नुकसान झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2008 मध्ये या प्रकारच्या औषधांबद्दल कडक इशारा दिला. धोका कुणाला? 55 च्या वरच्यांना, पाणी कमी पिणाऱ्यांना, मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना, आणि बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वेदनेच्या गोळ्या घेणाऱ्यांना. म्हणजे बहुतेक तुमच्या आईलाच. "थोडंच प्यायचंय, तेच द्या" असा आग्रह तुमच्याकडून होऊ देऊ नका. तयारीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी) आणि सोडियम-पोटॅशियम ही रक्ततपासणी झालेली असावी.

बीपीच्या गोळीचं वेष्टन बघा. टेल्मिसार्टनसारख्या नावापुढे एच हे अक्षर असेल तर त्या गोळीत लघवीचं औषधही मिसळलेलं असतं. जुलाबाच्या दिवशी ती घ्यायची का, हे डॉक्टरांकडून लिहूनच आणा. शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी न खाता घेतली तर शुगर झपाट्याने उतरते. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही शुगर फारशी वर न जाता, म्हणून लवकर लक्षात येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःच्या मनाने ना थांबवायची, ना चालू ठेवायची. स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी घरच्यांनी परस्पर बंद केल्याने काय होतं ते मी पाहिलेलं आहे, ते पुन्हा पाहायचं नाही.

जेवण. तुमच्या आईला शेवटचे दोन-तीन दिवस चोथा कमी करावा लागेल. मऊ भात, पिवळ्या मुगाचं पातळ वरण, दही, इडली, रव्याची खीर, सालं काढून उकडलेला बटाटा, पनीर, अंडं, वाफवलेला मासा, हे सगळं चालतं. बाजरी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, खोबरं, पेरू, डाळिंब, सीताफळ, काकडी-टोमॅटोच्या बिया, हे बंद. पेरूची बी दुर्बिणीच्या नळीत अडकते आणि आम्हाला नळी बाहेर काढून धुवावी लागते, म्हणून मी बियांबद्दल इतकी हट्टाने बोलते. "आधीच्या दिवशी उपास" असं सांगितलं की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, भगर आणि राजगिऱ्याचा लाडू पुढे येतो. घरात एकादशी सांभाळणारं माणूस असेल तर हे आधीच स्पष्ट करा. हा उपास देवाचा नाही, यात शेंगदाण्याचं कूट चालणार नाही. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वरचं निवळ पाणी, कोरा चहा, गाळलेलं सूप, क्षारसाखरेचं पाणी. काही डॉक्टर आदल्या दिवशी सकाळी हलकं खायला परवानगी देतात आणि म्हाताऱ्या माणसांसाठी मला ते पटतं; पूर्ण दिवस उपाशी ठेवलेल्या आजीच्या पायात रात्री बळ कुठून येणार? कोकम सरबत आणि बीटचा रस नको. तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियममुळे नको.

आता पिण्याची गोष्ट. मोठा जग समोर ठेवू नका, त्याच्याकडे बघूनच माणूस खचतं. घरातला नेहमीचा पेला एकदा मापून घ्या, साधारण 200 ते 250 मिली भरतो. म्हणजे आठ ते दहा पेले. हात थरथरत असतील तर स्टीलचा जड पेला नको, कान असलेला हलका कप द्या. औषध फ्रिजमध्ये गार करा, वर थोडं लिंबू पिळा. साखर किंवा दूध घालायचं नाही. तरुण माणसाला आम्ही दर दहा-पंधरा मिनिटांनी पेला सांगतो. तुमच्या आईला वीस मिनिटांनी द्या. मळमळली तर अर्धा तास थांबा, घरात चार फेऱ्या मारा, पुन्हा सुरू करा. चाललं की आतडंही हलतं, वॉकरने का होईना. जिला चालणं नकोच, तिला खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवायला सांगते. उलटीची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा, पहिल्या पेल्याआधी अर्धा तास द्यायची. पिताना ताठ बसायचं, आडवं होऊन एक घोटही नाही. साधं पाणी पितानाही आईला ठसका लागत असेल तर हे औषध घरी द्यायचंच नाही. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

बाथरूम तुम्ही स्वतः उभं राहून बघा, आईच्या डोळ्यांनी. मागच्या वेळी ती दारात घसरली, तिथे उंबरा आहे का? पायपुसणं आहे का? सरकणारं पायपुसणं उचलून टाका. जेट स्प्रेने धुतलं की फरशी ओली होते, आणि सातव्या फेऱ्याला ती चिकणी झालेली असते. प्रत्येक फेऱ्यानंतर कोरड्या फडक्याने पुसणं हे एका माणसाचं ठरलेलं काम असायला हवं. पायात रबरी तळाची, पट्टी असलेली चप्पल. वाटेत रात्रभर दिवा. दाराची कडी आतून लावायची नाही, ही अट आहे. पडलेलं माणूस आणि बंद दार यांच्यामध्ये गेलेली वीस मिनिटं फार लांब असतात. घरात बसायचा संडास नसून उकिडवं बसायचा असेल तर गुडघे गेलेल्या माणसाने त्या दिवशी त्यावर बसू नये. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. ती पलंगाच्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवा, खाली बादली. संडास घराबाहेर असेल किंवा चाळीत सामाईक असेल तर या खुर्चीशिवाय दुसरा विचारच नको.

उशाशी देवघरातली घंटी ठेवा. हाक मारायला म्हाताऱ्यांना संकोच वाटतो, "झोपलाय बिचारा, कशाला उठवू" म्हणून त्या एकट्या उठतात. घंटी वाजवायला संकोच वाटत नाही. एका आजींनी मला तपासणीच्या टेबलावर सांगितलं होतं, "रात्री अकरा वेळा आरती झाली." त्या एकदाही पडल्या नव्हत्या. घरात दोन माणसं हवीत, आळीपाळीने जागी. आणि त्यात आईला धुवायला-पुसायला जिच्याशी संकोच कमी आहे अशी एक तरी. मुलगा कितीही मायाळू असला तरी पुष्कळ आया मुलाला त्या कामासाठी हाक मारत नाहीत. तुम्ही सासरी दूर असाल तर त्या एका दिवसापुरत्या आईकडे राहायला जा, हे मी कळकळीने सांगते. पाचव्या-सहाव्या फेऱ्यापासून कातडी सोलवटते, तिथे पहिल्यापासूनच व्हॅसलिन लावत राहा, घासून पुसू नका, टिपून घ्या.

उठताना आधी पलंगावर बसायचं, पाय हलवायचे, मनात वीस मोजायचे, मग उभं राहायचं. जुलाबाने बीपी उतरलेलं असतं, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहून चक्कर येत असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, छातीत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, पोट टम्म फुगून दुखत असेल आणि शौचाला होतच नसेल, तर औषध तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. "एवढं प्यायलंय तर उरलेलं संपवूनच टाक" असं म्हणायचं नाही.

शेवटी शौच कसं दिसायला हवं? लघवीसारखं पिवळसर, तळ दिसेल इतकं निवळ. वरणासारखं गढूळ किंवा दुधाच्या चहासारखं असेल तर निघण्याआधीच विभागात फोन करा. आम्ही कधी एनिमा देऊन भागवतो, कधी वेळ पुढे सरकवतो. त्या एका फोनने अर्ध्यात थांबलेल्या तपासणीचा त्रास वाचतो, आणि तो त्रास किती असतो ते तुम्ही अनुभवलंच आहे.

गाव लांब असेल तर आदल्या दिवशीच शहरात नातेवाइकांकडे या. पोटात औषध असताना दोन तासांचा एसटीचा प्रवास म्हाताऱ्या माणसाला करायला लावू नका. उतरणार आहात त्या घरात बसायचा संडास आहे का, हे आधी विचारून घ्या.

भरती व्हावं का? पुष्कळ लोक समजतात की दवाखान्यात तयारी चांगली होते. अनुभव उलटाही आहे. वॉर्डात भरती पेशंटची तयारी घरच्यापेक्षा अनेकदा वाईट निघते, कारण संडास लांब, पलंग उंच, एका सिस्टरकडे कितीतरी पेशंट, आणि पेला भरून देणारं हक्काचं माणूस नाही. तरीही काहींनी भरतीच व्हावं, असं माझं ठाम मत आहे: हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेले, गिळायला त्रास असलेले, घरात सोबत नसलेले, आणि दोन माणसांच्या आधाराशिवाय उभे राहू न शकणारे. भरती झालात तरी घरचं एक माणूस पूर्ण वेळ जवळ ठेवा आणि कमोडची खुर्ची पलंगाशी मागून घ्या.

आता सगळ्यांत कठीण प्रश्न, ही तपासणी पुन्हा करावी का. काही त्रास नसताना निव्वळ वयानुसार करायची चाळणी तपासणी (स्क्रीनिंग) असती तर 79 व्या वर्षी मी थांबून विचार करा म्हटलं असतं. अमेरिकेतल्या 2021 च्या शिफारशीतही 76 ते 85 या वयात ती सरसकट नको, माणूस बघून ठरवा, आणि 85 नंतर थांबवा असंच म्हटलंय. पण तुमच्या आईचं तसं नाही. तिचं रक्त कुठेतरी जातंय आणि त्याचं कारण शोधायचंय. डॉक्टरांना सरळ विचारा: समजा आत काही सापडलं, तर पुढे तुम्ही काय कराल, आणि आईला ते सोसेल का? उत्तर "ऑपरेशन करू" किंवा "तिथल्या तिथे काढून टाकू" असेल आणि आईलाही ते हवं असेल तर तपासणीचे कष्ट सार्थकी लागतात. उत्तर काहीही आलं तरी उपचार बदलणार नसेल तर कमी त्रासाचे मार्ग विचारा. वरची जठराची दुर्बीण आधी करता येते, तिला फक्त सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं, आणि वेदनेच्या गोळ्या खाणाऱ्या बाईत कधीकधी उत्तर तिथेच मिळतं. मात्र तेवढ्यावर खालची तपासणी सोडायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. अगदी अशक्त माणसात पोटाचा सीटी स्कॅन करून मोठी गाठ आहे का एवढं पाहता येतं. बारीक कोंब (पॉलिप) त्यात सुटू शकतात, हे माहीत असून करायचा. हे बोलणं आईसमोर करा, तिला बाहेर बसवून नको.

करायचं ठरलं तर दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्या. तेवढ्यात लोह किंवा रक्त देऊन होईल, बद्धकोष्ठावर इलाज होईल, आणि रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठण्या-बसण्याचा सराव करता येईल, हातांचा आधार घेऊन का होईना. फिजिओथेरपिस्ट एकदा घरी येऊन गेले तर उत्तम.

तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. आईचे गुडघे दुमडत नसतील किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आम्हाला आधी सांगा, उशी लावून वेगळं झोपवता येतं. कवळी, चष्मा, कानातलं यंत्र डबीत घालून सोबत आणा आणि भूल देईपर्यंत यंत्र कानातच राहू द्या. माणसाला ऐकू येत नसलं की ते घाबरतं, आणि घाबरलेल्या माणसाला भूल जास्त लागते.

आणि घरी गेल्यावर लगेच ढिलाई नको. गुंगीच्या औषधाचा अंमल पायांत उरतो, पोट रिकामं असतं, बीपी उतरलेलं असतं, आणि घरचे दमून गाढ झोपलेले असतात. मी पाहिलेल्या पडझडीतल्या कितीतरी त्याच रात्रीच्या आहेत. त्या रात्रीही कमोडची खुर्ची जागेवर राहू द्या, दिवा चालू राहू द्या, आणि घंटी देवघरात दुसऱ्या दिवशी सकाळी न्या.